गोतिये साहेबांची भावकी

पिंपरीपासून देहूरोडपर्यंत माझ्यासारखा दुभाष्या नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. आणि छप्पन साली आमच्या कारखान्यात माझ्या मताला किंमत होती!

बॉयलर बसवायला तेव्हा कॅनडाहून एक फ्रेंच साहेब आले होते. नाव जोसेफ गोतिये. डोळे घारे, मिशा तांबूस आणि इतक्या भरघोस, की पाव कप चहा त्यांतच मुरायचा! त्यांना वेड एकच, पूर्वजांचं. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचा मूळपुरुष फ्रान्सहून कॅनडात वसाहतीला गेला. त्याचा भाऊ मात्र हिंदुस्थानच्या जहाजात बसला, तो कायमचा बेपत्ता.

"उद्धव, त्याचे वंशज सापडतील?"

"न सापडायला काय झालं साहेब! निघोज्यात अख्खी भावकी घाऱ्या डोळ्यांची आहे. रविवारी जाऊ!"

रविवारी जीप निघोज्याला पोचली. भावकी इंद्रायणीकाठी जमली होती. चिमाजी पाटलांचा चुलता वारला होता आणि आज त्याचा दहावा! बायका एका बाजूला, पुरुष न्हाव्यापुढे रांगेत. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी हात जोडून नाव सांगितलं, "गोतिये!"

झालं! चिमाजी अर्ध्या हजामतीतून उठले. डोकं डावीकडे सपाट, उजवीकडे रान! "गोतिया? आमच्या गोतातला? कुठला गोतिया? वाटण्या कवाच झाल्यात! एक गुंठा मिळायचा न्हाई!"

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला पाहून गहिवरलेत!"

साहेब वाळूतच बसले आणि घराण्याची रीत सांगू लागले. "आमच्यात प्रत्येक मुलगा जोसेफ! मी जोसेफ, भाऊ जोसेफ, बाप जोसेफ. बहिणी सगळ्या मारी. हाक मारायला वेगळं नाव. आडनावंही दोन. गोतिये ऊर्फ लारिव्हिएर, म्हणजे नदीकडचे!"

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तशी चिमाजींच्या कारभारीण यशोदाबाई पुढे सरसावल्या. "अगं बया! आमच्यात बी भैरोबाच्या नवसाचे समदे भैरूच! ए भैरू!"

निम्मा घाट "ओ" म्हणाला!

"आन् गाव आमाला बी नदीकडचेच म्हनतंय! डोळं तर बगा त्याचं! आपलंच हाय ह्ये!"

चिमाजींनी मला बाजूला घेतलं. "जमीन मागतोय व्हय?"

"छे हो! नुसतं नातं हवंय."

"मंग बसवा की त्याला! चुलता काय माझ्या एकट्याचा व्हता?"

न्हाव्याने वस्तरा परजला. आता आली का पंचाईत! न पाहिलेल्या चुलत्यासाठी मिशा जाणार, हे साहेबांना कळलं तर सोमवारी माझी नोकरी जाणार! मी म्हणालो, "साहेब, हा फार मोठा मान आहे. घरच्याच माणसांना देतात!"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी मान पुढे केली. पाच मिनिटांत डोकं गुळगुळीत, मिशा इंद्रायणीत, आणि मिशांमागून भलताच माणूस निघाला! त्याने मला कडकडून मिठी मारली. "उद्धव, ही माणसं तुझ्यामुळे मिळाली. तुलाही हा मान मिळालाच पाहिजे!"

"अहो साहेब, नको! माझे वडील हयात आहेत..."

"संकोच करायचा नाही!" म्हणत त्यांनी मला खांदे दाबून न्हाव्यापुढे बसवलं.

परतताना साहेब जीपमध्ये गात होते. माझ्या टाळूला आणि मिशी गेलेल्या ओठाला वारं झोंबत होतं.

आमची ही नळावर होती. तिने माझं डोकं पाहिलं, ओठ पाहिला, आणि हंडाच टाकला. माझे वडील, आबा, सकाळीच चिंचवडला मित्राकडे गेले होते ना! "मामंजी गेले गं!" असा टाहो तिने फोडला, की अख्खी चाळ धावली. माझं कोण ऐकतो! मी "अगं, ऐक तरी" म्हणालो, की बायका आणखी मोठ्याने रडत!

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत साक्षात आबाच आले. "काय झालं हो?"

शेजारच्या शालनबाई पदरात तोंड खुपसून हुंदकल्या, "आबा गेले हो!"

आबांनी टोपी काढली. "अरेरे! फार सज्जन माणूस!" म्हणत ते माझ्याजवळ येऊन बसले. पाठीवरून हात फिरवता फिरवता त्यांची नजर माझ्या ओठावर गेली. हात जागच्या जागी थांबला.

"कुणाचे आबा रे?"