ओट्याचा बंदोबस्त

काकूंच्या स्वयंपाकघरात अखेर संगमरवरी ओटा बसला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, नजर ठरू नये असा. उभा जन्म फुटक्या फरशीवर कणीक मळलेल्या काकूंना आता एकच हौस होती: या ओट्यावर उभं राहून निवांत स्वयंपाक करायचा.

ओटा बसवणारा गवंडी जाताना म्हणाला, "लिंबू सांडलं तर लगेच पुसा. तापलेलं भांडं थेट ठेवू नका. बाकी दगडच आहे, खुशाल वापरा."

काकांनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. काका सरकारी अभिलेखागारातून निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत एकही कागद खराब झाला नव्हता, कारण एकही कागद त्यांनी कुणाच्या हाती लागू दिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी लिंबाला प्रवेशबंदी झाली. पाठोपाठ टोमॅटो, आंबटपणाच्या संशयावरून. गरम भांडी गेली, मग थंडही गेली, कारण त्यांना पाणी सुटतं. कांद्याचा तसा काही गुन्हा नव्हता, पण तो सुरीच्या संगतीत असतो. शेवटी शेगडीची प्रशासकीय कारणास्तव बाल्कनीत बदली झाली.

"अहो, मग ओट्यावर करायचं तरी काय?"

"पुसायचा."

"घाण झाला नसला तरी?"

"घाण व्हायची वाट बघायची? निष्काळजीपणा म्हणतात तो यालाच!"

काकू बाल्कनीत एका फळीवर कणीक मळू लागल्या. वाऱ्याने शेगडी विझायची आणि पीठ खालच्या मजल्यावरच्या धुतल्या कपड्यांवर जायचं. इकडे ओट्यावर मेणकापड, त्यावर चादर आणि ती मळू नये म्हणून वर जुनी चादर. पाहुणे आले की काका एकेक पदर सारून दर्शन घडवायचे. काकूंची धाकटी बहीण तर हरखूनच गेली. "ताई, नशीब काढलंस गं! अगदी कालच बसवल्यासारखा!"

काकूंना हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हौसेच्या ओट्याला हात लावायची चोरी झाली होती.

एका सकाळी काका ओट्यासाठी मऊ फडकी आणायला बाहेर पडले. काकूंनी चादरी काढल्या, लिंबू कापलं, दोन्ही फोडी ओट्यावर पालथ्या घातल्या आणि शांतपणे पेपर वाचत बसल्या.

काका परतले तेव्हा ओट्यावर दोन फिकट वर्तुळं उमटली होती. ते मटकन खाली बसले. "गेला! ओटा गेला!"

"तुमच्या ऑफिसात वस्तू खराब झाली की काय करायचे हो?"

"निर्लेखित करायचे. म्हणजे नोंदीतून काढून टाकायची. मग तिची जबाबदारी कुणावरच नाही," काका सवयीने बोलून गेले.

"मग प्रश्नच मिटला. सरका बघू." काकूंनी परात ओट्यावर आदळली.

नियमापुढे काकांचं काही चालेना. काकूंनी त्या दिवशी गरज नसताना तिप्पट कणीक मळली. मळता मळता त्या इतक्या खूश झाल्या की काकांनाही हसू आलं.

तुम्हीही मघापासून हसताय. हसा. फक्त हातातल्या चहाच्या कपाकडे एकदा बघा. कान तुटलाय ना त्याचा? सोनेरी काठाचे कप काचेच्या कपाटात आहेत, पाहुण्यांसाठी राखलेले. आणि परवा पाहुणे आले तेव्हाही, फुटतील म्हणून, त्यांना कागदी पेल्यांतच चहा दिलात.