देव पाण्यात, वैभवी बोगद्यात

खट्.

किटली बंद झाल्याच्या एवढ्याशा आवाजाने लंडनजवळच्या पिनरमधलं अख्खं घर दचकलं, निदान वैभवीला तरी तसं वाटलं. श्वास रोखून ती जिन्याकडे बघत राहिली. निधी उठली नाही. लेक झाल्यापासून पहिल्यांदाच वैभवी दोन दिवस एकटी कुठेतरी निघाली होती. डर्बीशरमध्ये एका बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून खडीची वाट केली आहे. त्या वाटेवरून सायकलने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहीही झालं तरी नवऱ्याला, परीक्षितला ‘घ्यायला ये’ म्हणायचं नाही, एवढं तिने स्वतःशी पक्कं केलं होतं.

परीक्षितने मात्र शुक्रवारीच गाडीला सायकलचा रॅक लावून ठेवला होता.

“हे कशाला?”

“नुसतंच. गाडीला बरं दिसतं.”

ती ट्रेनमध्ये बसते न बसते तोच पुण्याहून सासूबाईंचा फोन. तिचं लाइव्ह लोकेशन उघडून त्या सकाळपासून बसल्या होत्या.

“मी देव पाण्यात घातलेत. तू सुखरूप पोचल्याशिवाय काढायची नाही, आणि जेवायचीही नाही.”

“आई, अहो दोन दिवसांची ट्रिप आहे. तुमची शुगर...”

“मग जरा जोरात चालव.”

वैभवीने जोरात चालवली. खडीवर चाकं घसरत होती, मनगटं बधिर झाली होती आणि प्रत्येक चढावर डोळ्यांसमोर पाण्यात बसलेला बाळकृष्ण येत होता. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर तिने आधी पुण्याला फोन लावला.

“रात्रीपुरते बाहेर काढलेत,” सासूबाई म्हणाल्या. “उगाच सर्दी व्हायची त्यांना. मीही वाटीभर पेज घेतली. उद्या सकाळी पुन्हा.”

रविवारी वाटेत जुना बोगदा लागला. लांबलचक, गार, छतातून ठिबकणारा. दुसऱ्या तोंडाने उजेडात आल्यावर तिने फोन काढला, तर तो मेलेला. लोकेशन दाखवून दाखवून बॅटरी संपली होती. परीक्षितने दिलेली पॉवर बँक काठोकाठ भरलेली होती. केबल मात्र निधीच्या टॅबची निघाली, फोनला न बसणारी.

ती तशीच पुढे निघाली. मग, दोन्ही बाजूंना मेंढ्या आणि चाकांखाली खडीची करकर चालू असताना, तिच्या लक्षात आलं की आपण या घडीला कुठे आहोत हे जगात कुणालाही माहीत नाही. पुढचा बराच वेळ ती गात होती. मोठ्याने, बेसूर. मध्येच सासूबाईंचं रिकामं पोट आठवलं आणि तिने करकचून ब्रेक दाबला.

जुन्या स्टेशनच्या फलाटावर एक आजोबा कुत्रा घेऊन बसले होते. त्यांनी फोन लगेच दिला. पण लावायचा कुणाला? परीक्षितचा नंबर तिला पाठ नव्हता. कुणाचाच नव्हता. पाठ होता तो एकच, शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर लिहिलेला, नागपूरच्या माहेरचा. बाबांनी तो लँडलाइन हट्टाने ठेवला होता. नागपूरला या सफरीबद्दल तिने मुद्दामच काही सांगितलं नव्हतं.

“बाबा, मी वैभवी. परीक्षितला एवढंच कळवा, मी बोगद्यातून बाहेर आले.”

“कोणत्या बोगद्यातून, बेटा?”

“सायकलने चाललेय मी. एकटीच. फोन बंद पडलाय.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाबा लांबून ऐकू आले, “अगं, देव पाण्यात घाल आधी. काय झालं ते मग सांगतो.”

आता दोन शहरांतले देव पाण्यात होते.

आजोबांचे आभार मानून ती सायकलवर बसतेय तोच त्यांचा फोन वाजला. “तुमचाच असणार,” म्हणत त्यांनी तो पुढे केला.

“व्याह्यांनी नंबर दिला,” सासूबाई म्हणाल्या. “बोगद्यात इतका वेळ काय करत होतीस गं?”

“आई, मी केव्हाच बाहेर आले.”

“माझ्या फोनमध्ये तू अजून आतच आहेस. परीक्षित निघालाय मघाशीच, निधीला घेऊन.”

“त्याला परत पाठवा ना.”

“मोटरवेवर कुठून परत पाठवू?”

“तुमची शर्यत वगैरे चालू आहे का?” तिने हेल्मेट घट्ट केलेलं पाहून आजोबांनी विचारलं.

“हो. नवऱ्याशी.”

शर्यत ती हरली. शेवटचा टप्पा उरला होता आणि वाट जिथे रस्ता ओलांडते तिथे परीक्षित रॅक उघडून उभा होता.

“जीव भांड्यात पडला बाई,” तो म्हणाला.

“तुझा आत्ता पडला. देव कालपासून आहेत.”

“चल, बस गाडीत. आई उपाशी आहे.”

“मी बोलावलं नव्हतं तुला.” तिने त्याचा फोन घेऊन पुण्याला लावला. “आई, मी दिसले याला. थोडंच राहिलंय, तेवढं करते. पण तुम्ही देव काढा आणि जेवा आधी.”

“मी तर तुझ्याशी बोलले तेव्हाच जेवले.”

“आणि देव?”

“ते असू देत. परीक्षित एका हाताने बाकरवडी खात गाडी चालवतो, परत यायचाय अजून. तुझं काय, तू पोचणारच होतीस.”

परीक्षितने रॅक मिटला. शर्टावर बाकरवडीचा चुरा होता.

शेवटचा टप्पा वैभवीने एकटीनेच केला. वाट संपते तिथल्या फाटकाला हात लावला, सायकल गवतावर आडवी टाकली आणि तिच्याशेजारी स्वतःही बसली. गाडीने आधीच पोचलेली निधी धावत येऊन गळ्यात पडली. आईच्या पायावरची पांढरी धूळ तिने बोटाने पुसली. मग तिने मान वर करून विचारलं,

“आई, आम्ही नव्हतो तेव्हा तुला जास्त मजा आली?”