बाकावरची पोरं मी उठवली

बेचाळीस लग्नं जुळवलीत मी! दाभोळपासून हर्णैपर्यंत कुणालाही विचारा, या बदरुन्निसाने आणलेला एकही नवरा परत गेलेला नाही. एक गेला, पण तो वादळात गेला, त्यात माझी काय चूक? सांगायचं एवढंच की नुसता फोटो दाखवा, पोरगा कसला आहे ते मी सांगते. तेव्हा आमच्या हारूनची टीम सरळ करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

कसली टीम, ते ऐका. हारून माझा थोरला. सोळा वर्षं सौदीत जुबैलला कारखान्यात आहे. त्याच्याकडे मी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले, ती काय एसीची हवा खायला नव्हे. त्याला उचलून घरी आणायला गेले होते. धाकट्या अरवाचा निकाह नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ठरलेला. तिचे अब्बा नाहीत. मग बापाच्या जागी मुलीचा वली म्हणून भावानेच बसायला नको? आणि हा चार वर्षांत गावी फिरकलेला नाही. निघताना अरवा म्हणाली, "अम्मी, दागिना एक कमी आण, पण भाईला आण."

आणि भाईच्या सुट्टीचा कागद तीन आठवडे डॅरेल साहेबाच्या टेबलावर लोळतोय! सहीविना!

हा डॅरेल अमेरिकेचा. माणूस दाराएवढा, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्याला वेड एकच, तिकडच्या कॉलेजांचा फुटबॉल. आपला लाथेने मारायचा नव्हे. हा पोटाशी धरून पळायचा, आणि बाकीच्यांनी धावत येऊन अंगावर पडायचं. साहेबाने स्वतःसकट ऑफिसातल्या बाराजणांना नादाला लावलेलं. प्रत्येकाने वेगवेगळ्या कॉलेजांची पोरं वेचून मोबाइलवर आपली टीम बनवायची आणि दर आठवड्याला एकेकाशी सामना लावायचा. शनिवारी ती पोरं तिकडे हाडं मोडून घेणार, आणि गुण इकडे यांना! घाम त्यांचा, मिशा यांच्या!

या बाराजणांत माझा हारून बारावा. साहेब रोज टोमणा मारायचा, "हारून, तुझ्या टीमपेक्षा आपला बंद पडलेला पंप बरा." हारून घरी येऊन हे हसत सांगायचा, आणि मी भांडी आपटायचे. ज्याची टीम अशी लोळते, त्याच्या कागदावर साहेब सही करेल कशाला?

एका शनिवारी हारून मासळी आणायला गेला आणि टॅब घरी विसरला. मी सुनेला हाक मारली. सहर दम्मामला शिकलेली, इंग्रजी फाडफाड.

"दाखव गं मला ती टीम."

"अम्मी, ही वरची नऊ खेळतात. खालची सहा बाकावर. बाकावरच्यांनी कितीही पळापळ केली तरी गुण धरत नाहीत."

"किती दिवस बसलीत बाकावर?"

"सीझन निम्मा झाला ना. सात आठवडे."

"सात आठवडे! उपाशी!"

मी फोटो निरखले. वरची पोरं नुसती फुगलेली, मानेच्या जागी फणस. खालची बारीक, पण डोळ्यांत भूक.

"इथं लिहिलंय," सहर वाचायला लागली, "वरच्यांच्या कॉलेजांची नावं मोठी, पण यंदा त्यांची चढाई पार लंगडी पडलीय. आणि हा खालचा बघा, कुणाच्या डोळ्यात न भरलेला. असा एक दिवस सगळ्यांना मागे टाकतो. याला हे लोक स्लीपर म्हणतात."

"मग हारून त्याला बाकावर का सडवतो?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, तुला नाही कळायचं."

"त्याला कळतं ते दिसतंच आहे! बाराजणांत बारावा! अगं, आपल्याकडे दावतीत काय करतात? पहिली पंगत उठली की दुसरी बसते. जेवून ढेकर देणारा ताटाला चिकटला, तर मी काझीलाही दंड धरून उठवलंय. उठव वरची सहा! खालची वर बसव!"

"अम्मी, हे रागावतील हो."

"रागावला तर मी आहे ना! पळणाऱ्याच्या जागी पळणारा, झेलणाऱ्याच्या जागी झेलणारा. हं, यल्ला, चल!"

सहरने बोट फिरवलं. सहा फणस खाली, सहा उपाशी वर. खलास!

रविवारी सकाळी हारून कंपनीच्या बसला निघाला होता. बूट घालता घालता त्याने मोबाइल पाहिला आणि असा ओरडला की मला वाटलं बुटात विंचू!

"माझ्या टीमला हात कुणी लावला?"

"जिंकलास ना?" मी ऐटीत विचारलं.

"जिंकलो! साहेबालाच हरवलं! सीझनमधला सगळ्यात मोठा स्कोअर!"

"मग तोंड का मयताला निघाल्यासारखं?"

तो एका पायात बूट घालून जमिनीवरच बसला.

"अम्मी, नोव्हेंबरात शटडाऊन आहे. अख्खा कारखाना बंद करून दुरुस्ती. कामाचा माणूस दिसला की साहेब त्याला धरून ठेवतो. बिनकामाचा असेल तर म्हणतो, जाऊ दे याला घरी. सात आठवडे मी मेहनतीने हरतोय! एकेक बुजगावणं शोधून वर बसवलं होतं! गुरुवारी साहेब म्हणाला, हारून, तुला डोकंच नाही, पुढच्या आठवड्यात तुझी सही करतो."

"अरे मग मला सांगायचं नाही?"

"तुला? संध्याकाळपर्यंत दाभोळच्या जेट्टीवर कळलं असतं!"

मंगळवारी साहेब स्वतः केक घेऊन जेवायला आला. मी सांदणं केली, कोळंबी केली. तो खूश व्हावा म्हणून गोष्टीही सांगितल्या. आमच्या मिस्टरांचा ट्रॉलर एका माशाने ओढत मस्कतपर्यंत नेला होता, ती सांगितली. सहर इंग्रजीत सांगत होती, साहेब मांडीवर थापा मारत होता. मला वाटलं, झाली सही!

हात पुसून त्याने खिशातून कागद काढला.

"सात आठवडे हा माणूस मेल्यासारखा पडून होता," साहेब गरजला, "आणि ऐन वेळी सहा पोरं बाकावरून उठवून यानं मला झोपवलं! मला शटडाऊनला असाच माणूस पाहिजे. हारून, तू इनचार्ज!"

आणि कागदावर नोव्हेंबर खोडून त्याने जानेवारी लिहिलं. खाली झोकदार सही.

हारून "थँक यू सर" म्हणाला. मी ताडकन उठले.

"साहेब, ते मी केलं! याला काही येत नाही! हा बिनकामाचा आहे!"

सहरने सांगितलं. साहेब एवढा हसला की त्याचा चष्मा आमटीत पडला.

"ममा, आधी ट्रॉलर आणि आता हे!"

जन्मात एकदा खरं बोलले, तेही इंग्रजीतून, तर ही गत! शिवाय जाताना त्याने सांदणं बांधून घेतली.

मी एकटीच गावी परत आले. ठरल्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर निकाह. अत्तराच्या तबकाला मोबाइल टेकवून उभा केलेला आणि त्यात आमचा वली! डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीमागे वाफ. माझ्या दिराला, हनीफला, त्याने आपल्या वतीने मुखत्यार केलं. पण तिकडे यंत्रांचा असा खडखडाट की काझीने त्याला तेच वाक्य तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्या वेळी तो किंचाळला, तेव्हा मंडळी हसली.

आतल्या खोलीत अरवा तिच्या मोबाइलवर बघत होती. ती हसली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाईच्या हनुवटीला काळं लागलंय. सांगा ना कुणीतरी त्याला."

कुणी सांगितलं नाही. खजूर वाटायची घाई होती.

मग मोबाइल माझ्या हातात आला.

"मुबारक, अम्मी."

"तुलाही."

"अरवा रागावली का?"

"हनुवटी पूस," मी म्हटलं.

त्याने बाहीने पुसली. काळं आणखी पसरलं. यंत्रांपासून लांब आडोशाला गेला. मग हळू आवाजात तो म्हणाला, "अम्मी, बाराव्यावरून चौथ्यावर आलोय. उद्या शेवटचा सामना. तुला दोघांचे फोटो पाठवलेत. कुणाला वर बसवू?"

दारात अरवाची गाडी लागली होती. बायका मला हाका मारत होत्या. मनात आलं, मोबाइल विहिरीत फेकावा. पण चार वर्षांत या पोराने मला मीठ किती घालू एवढंसुद्धा विचारलेलं नव्हतं हो! आणि मी, तोबा, सांगायलाही लाज वाटते, मी म्हटलं, "थांब हां, ठेवू नकोस. चष्मा आणते."