तापातून उठलेला माणूस

खोटं बोलायचं काही कारण नसलं, तरी सखारामअण्णा खोटंच बोलायचे. "अण्णा, जेवण झालं का?" असं सहज विचारलं, तर नुकता हात धुऊन बाहेर आलेला हा माणूस म्हणायचा, "कशाचं जेवण! आत्ता परभणीहून येऊन राह्यलो." मिशीला वरण लागलेलं असायचं.

परतूरच्या बैलबाजारात ते दलाल होते. मी पोस्टात कारकून. आमच्या घरांत एकच भिंत, आणि अंगण दोघांत मिळून. निजामाची राजवट जाऊन थोडीच वर्षं झाली होती. धंद्यापुरतं खोटं सगळेच दलाल बोलत, पण अण्णांचं शौकाचं काम होतं. संध्याकाळी ओसरीवर बसून ते सरूकाकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, दिवसभराचं सांगायचे. मंठ्याच्या वाटेवर वाघ आडवा आल्ता, त्याला बिडी दिली, मंग वाट सोडली. हैदराबादेत कुण्या नवाबाचा हत्ती अडून बसल्ता, त्याच्या कानात दोन शब्द बोललो, उठला. "बिलकुल देवाशपथ!" काकू ज्वारी निवडता निवडता हसायच्या आणि खडे तसेच राहायचे.

मग अण्णांना मुदतीचा ताप आला. जालन्याहून डॉक्टर आणावा लागला. काकूंनी उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या बदलल्या. अण्णा वाचले. केस गेले, अंगावरचं मांस गेलं, आणि आणखी काय गेलं ते पहिल्याच बाजारात कळलं.

गिऱ्हाईक बैलाभोवती फिरत होतं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा जमत आला होता. अण्णांनी एकदम हात काढून घेतला. म्हणाले, "हा घेऊ नका. चालला की लंगडतो. म्हणून तर सकाळपासून उभा केलाय."

बैलाचा मालक अण्णांकडे बघतच राहिला.

गावाला आधी फार कौतुक वाटलं. अण्णा देवमाणूस झाले म्हणून लोक हात जोडायला लागले. मग शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले. त्यांनी अण्णांना विचारलं, "मुलीचा आवाज गोड आहे म्हणतात?" अण्णा म्हणाले, "भांडते तेव्हा आमच्या घरात ऐकू येतो." ते स्थळ गेलं, आणि त्या दिवसापासून अण्णांना बैठकीत बोलावणंही गेलं. दलाली तर सुटलीच. एका जिनिंगवाल्यानं त्यांना कापसाच्या काट्यापाशी उभं केलं. काट्यावर असा माणूस त्याला सोन्यासारखा होता.

एकदा मी काकूंना म्हणालो, "काकू, तुमचं बरं झालं. अण्णा सुधारले."

काकू म्हणाल्या, "भाऊ, हे ते न्हाईत."

"तापानं काही विसरले का?"

"विसरतेत कशाचे? सगळं बराबर ध्यानात हाय. थांबा." त्यांनी अण्णांना हाक मारून बाहेर बोलावलं. "अहो, लग्नात माझा शालू कुठून आणल्ता?"

अण्णांच्या जुन्या गोष्टीत हा शालू पैठणहून उंटावर आला होता. उंटाला वाटेत तहान लागली होती, नदी आटली होती. मीच ते कितीदा ऐकलं होतं.

"तुझ्या आत्याचा होता," अण्णा म्हणाले. "उसना. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. अण्णा आत गेल्यावर हळू म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. नाव ठेवायला जागा न्हाई. पण माझं लग्न ह्यांच्याशी न्हाई झालं, भाऊ."

आम्ही दारातच बोलत होतो. आत गेलेल्या अण्णांना ते ऐकू गेलं असणार.

दोन-चार दिवसांनी ते पोस्ट बंद व्हायच्या वेळी आले. खिडकीशी वाकून म्हणाले, "बाबू, मला एक थाप बांधून द्या."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"वाघ आठवतो, हत्ती आठवतो. कसा बोलायचो तेबी आठवतं. पण दुसऱ्या कुणाचं ऐकल्यावानी वाटतं. तोंडात येत न्हाई. ती रोज ओसरीवर बसून राह्यती. वाट बघती. मी समोरच असतो, तरी वाट बघती."

मी एक थाप बांधून दिली. स्टेशनातली गाडी, आणि गार्डनं आपला झेंडा अण्णांच्या हातात दिला. शाळेतल्या कवितेसारखी त्यांनी ती घोकली.

त्या संध्याकाळी मी अंगणात पाय धूत होतो. ओसरीवर अण्णांनी घसा साफ केला.

"अगं, आज स्टेशनात गेल्तो."

"बरं."

"गाडी उभी होती. गार्ड मला म्हणला, अण्णा, हा झेंडा..." ते थांबले. कपाळ पुसलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "गार्ड काही म्हणला न्हाई. मी स्टेशनात गेल्तोच न्हाई. बाबूनं शिकवलं."

मी तांब्या खाली ठेवला. काकूंचा हात सुपातच राहिला होता. मग सूप बाजूला सारून थोड्या जवळ सरकल्या.

"गार्ड म्हणला असंल, अण्णा, तुमच्याबिगर गाडी हलत न्हाई."

"तसं म्हणला न्हाई."

"म्हणला. आन् तुम्ही झेंडा घेतला, आन् इंजिनाला दरडावलं, जल्दी करू नको, आमच्या घरी भाकरी व्हायच्यात."

अण्णा काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"असं काही झालं न्हाई," ते म्हणाले.

काकूंनी सूप परत पुढ्यात ओढलं. अण्णांनी गुडघ्यावरचा हात उचलून परत गुडघ्यावरच ठेवला.

"मंग," त्यांनी विचारलं, "इंजिन काय म्हणलं?"