वामनभाऊंची म्होरकी

आमच्या शेजारचे वामनभाऊ घोडीची म्होरकी आधी स्वतःच्या तोंडावर चढवून बघतात. हसू नका. खामगावच्या भर बाजारात, दुकानाच्या आरशासमोर उभा राहून, कानांमागून पट्टा घेऊन, हनुवटीखाली बक्कल लावून हा सत्तरीचा माणूस हरभरे चावल्यासारखा जबडा हलवतो. देवानं चेहरा लांबट दिलाय, त्यामुळे माप बरंचसं जुळतं.

"भाऊ, लोक बघतायत," मी कुजबुजलो.

"पाहू दे. तिले बोलता येत नाही, म्हनून मले बोला लागते."

ती म्हणजे रेशमा, त्यांची पांढरी अरबी घोडी. काकू गेल्यापासून भाऊंच्या घरी तेवढाच एक जीव. मी एसटीत कंडक्टर, दिवसभर माणसांशी बोलून माझं तोंड दुखतं. भाऊ दिवसभर घोडीशी बोलतात आणि संध्याकाळी तिची उत्तरं मला सांगतात. "आज रुसून बसली होती. गवत आवडलं नाही म्हने." आता याला काय म्हणावं!

यंदा भाऊ परसात पडले आणि कंबर कामातून गेली. घोडीचं करणं होईना. विकायचं तर ठरलं, पण गावात गिऱ्हाईक एकच, वरातीवाला. डीजेपुढे घोडी नाचवणारा. त्याचं नाव काढलं की भाऊंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चांगले तबेलेवाले घोड्यांच्या प्रदर्शनात येतात, म्हणून रेशमाला तिथल्या रिंगणात उतरवायचं होतं.

प्रदर्शनाचे नियम मी मोबाइलवर वाचून दाखवले. अरबी घोड्याला साधी, बारीक चामड्याची म्होरकी हवी. गोंडे नकोत, घुंगरू नकोत, रुतणारी साखळी तर मुळीच नको. नियमात बसली नाही तर दारातूनच परत. शिवाय म्होरकी टोचली की रेशमा मान झटकणार, आणि तबेलेवाले म्हणणार घोडी तापट आहे. मग उरला तो वरातीवालाच.

दुकानदारानं लाल गोंड्यांची काढली. भाऊ भडकले, "लगन लावून राह्यला का बे तिचं?" दुसरी नाकाच्या हाडावर बसली. तिसरीची शिवण गालाला लागली.

"तिले काही होत नाही भाऊ, जनावराची कातडी जाड असते."

"तुले कोनं सांगतलं? तिनं?"

दुकानदार बिचारा शिडी लावून माळ्यावर चढला. शेवटी एक मऊ निघाली, आतून अस्तर लावलेली. ती चढवून भाऊ स्टुलावर बसले ते उठेचनात. चहासुद्धा तशीच घालून प्यायले. "हाव," म्हणाले, "हिच्यात घास चावता येते, गियता येते."

रिंगणात रेशमाचा नंबर काही आला नाही. पण तिनं मान एकदाही झटकली नाही, आणि एका म्हाताऱ्या तबेलेवाल्याच्या डोळ्यांत ती भरली. माणूस मायेचा वाटला. सौदा झाला.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्होरकी देत नाहीत. लक्ष्मी घरात राहावी म्हणून मालक ती काढून घेतो. तबेलेवाल्याला रीत ठाऊक होती, तो आपला दोर घेऊनच आला होता. भाऊंनी बकलाला हात लावला आणि तसेच उभे राहिले.

"काढा ना भाऊ, रीत आहे," मी म्हणालो.

"त्या दोराची तिले सवय नाही," भाऊ म्हणाले. "आन् घरी नेऊन काय करू? रिकामी म्होरकी रोज खुंटीले पाहू काय?"

बक्कल एक भोक सैल करून त्यांनी हात काढून घेतला. रेशमा टेम्पोत चढली.

परतीच्या एसटीत खामगाव जवळ आलं तेव्हा भाऊंनी विचारलं.

"कंडक्टर, उद्या सकाळी तुमची गाडी कोनती?"

"सोनाळा. का हो?"

"मी येतो मंग."

"सोनाळ्याला कोण आहे तुमचं?"

"कोनी नाही," भाऊ म्हणाले. "जाऊन येतो आपला, तुमच्यासंगं बोलत."