अर्ध्या लुगड्याचा तपास

प्रबोध राजहंस यांच्या व्हिजिटिंग कार्डावर चार ओळी होत्या. पहिलीत नाव. दुसरीत ‘निवृत्त चीफ इंजिनिअर, मालवाहू जहाजे’. तिसरीत ‘खासगी गुप्तहेर, सूक्ष्मनिरीक्षक व तर्कतज्ज्ञ’. चौथीत, ठळक अक्षरांत, ‘माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही’. शंभर कार्डं छापून पाच वर्षं झाली होती. त्यांतलं एक डायनिंग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होतं. बाकीची कपाटात होती, कुठल्या कपाटात ते मात्र प्रबोधरावांना आठवत नव्हतं.

“छत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलीत मी,” भेटेल त्याला ते सांगत. “नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ओळखायचो. माणूस म्हणजे तरी काय, जरा जास्त तेल पिणारं यंत्र!” सिंगापुरातल्या हौगांगच्या त्यांच्या ब्लॉकमधली लिफ्ट सावकाश चालत असल्यामुळे पुष्कळ शेजाऱ्यांना हे पाठ झालं होतं.

त्यांच्या पत्नी अरुणाताई या रणरागिणी वारसा मंडळाच्या सिंगापूर शाखेच्या अध्यक्ष होत्या. घराण्यातली एखादी बाई स्वातंत्र्यलढ्यात उतरली होती असा पुरावा दाखवला की मंडळात प्रवेश मिळे. पूर्वजांचा अभिमान नुसता फोटोला हार घालून संपू नये, म्हणून मंडळ जवळच्या वृद्धाश्रमात सेवेला जाई. यंदा तिथल्या अकरा आज्यांना गोधड्या शिवून द्यायच्या ठरल्या. बाहेर घामाच्या धारा लागत असल्या तरी आश्रमात एसीचा गारठा असे.

शनिवारी राजहंसांच्या हॉलमध्ये सगळ्याजणी फतकल मारून शिवायला बसल्या. जुन्या साड्या-धोतरांचा डोंगर पडला होता. प्रबोधरावांनी निवडानिवड आपण होऊन अंगावर घेतली. जहाजावर यंत्रं पुसायला चिंध्यांच्या गोण्या येतात, त्यातला मऊ कपडा कुठला आणि रखरखीत कुठला हे चीफ इंजिनिअरला बोटांनीच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि हाताला लागेल ते कापड चाचपून ढीग लावले. सगळ्यांत मऊ ते गोधडीच्या आतल्या थराला. एवढ्यावर न थांबता एक गोधडी त्यांनी स्वतः शिवली आणि तिच्या कोपऱ्यावर ‘प्र. रा.’ अशी सहीही दोऱ्याने काढली. रविवारी अकराही गोधड्या आश्रमात पोचल्या.

सोमवारी संध्याकाळी नंदा कारखानीस दारात उभी राहिली. नंदा मंडळातली सगळ्यांत नवी सभासद, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरीला, आणि स्वभावाने इतकी भिडस्त की चहात साखर कमी पडली तरी मागायची नाही. आज मात्र ती आत येण्याआधीच बोलायला लागली.

“अरुणाताई, माझ्या आजीचं लुगडं... शनिवारी मी इथे सोफ्यावर ठेवलं होतं. तुम्ही इस्त्री करणार होतात ना?”

सोफा रिकामा होता. येत्या शनिवारी आश्रमात भारताच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता आणि त्यात हे लुगडं मांडायचं होतं. खरं तर अर्धंच लुगडं. नंदाची आजी बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेली तेव्हा हेच खादीचं लुगडं तिच्या अंगावर होतं. तिथे एका बाईचं बाळ थंडीने कुडकुडत होतं, तर आजीने निम्मं फाडून त्याला गुंडाळायला दिलं. सुटून आल्यावर तिने आपला कैदी क्रमांक, ४१७, उरलेल्या अर्ध्याच्या पदरावर लाल दोऱ्याने काढला. आजीचं म्हणून नंदाकडे एवढंच उरलं होतं.

“तिचा एक फोटोसुद्धा नाही हो आमच्याकडे,” नंदा म्हणाली आणि रडायला लागली.

अरुणाताईंनी सोफा उलटा केला, कपाटं उपसली. प्रबोधरावांची नव्व्याण्णव कार्डं सापडली, लुगडं सापडलं नाही. माझ्या घरात, माझ्या भरवशावर ठेवलेली वस्तू गेली, हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

प्रबोधराव पाठीमागे हात बांधून खिडकीपाशी गेले. “नंदा, डोळे पूस. हे प्रकरण मी हाती घेतलंय.”

“अहो, नको,” अरुणाताई म्हणाल्या.

“शनिवारच्या आत चोर हजर करतो. चोर आपल्यातलाच आहे, हे माझं मन मला सांगतंय.” मन क्वचितच इतकं बरोबर बोलतं.

पहिला संशय मंडळाची सेक्रेटरी अश्लेषा हिच्यावर आला. अश्लेषाच्या पणजीने मोर्च्याला पाणी पाजलं होतं आणि तेवढ्यावर तिला प्रवेश मिळाला होता. तुरुंगवासाच्या शेजारी पाणी फिकं पडतं, तेव्हा मत्सर हे कारण तयारच होतं. बुधवारी एमआरटीच्या गाडीत प्रबोधरावांना ती खादीच्या कुर्त्यात दिसली. ते वर्तमानपत्राआडून सरकत सरकत जवळ गेले आणि त्यांनी कुर्त्याची बाही चिमटीत धरून चाचपली.

“काका! काय करताय?”

“मऊ आहे,” ते डोळे बारीक करून म्हणाले. “संशयास्पद मऊ आहे.”

अश्लेषाने कुर्त्याच्या कॉलरमागची लेबलाची पट्टी दाखवली. तिच्यावर ‘मशीन वॉश’ असं लिहिलं होतं. बेचाळीस साली आपल्याकडे वॉशिंग मशीन नव्हतं हे प्रबोधरावांना मान्य करावं लागलं. डब्यातले सगळे लोक त्यांच्याकडे बघत होते, म्हणून ते नको त्या स्टेशनवर उतरून गेले.

मग त्यांचं लक्ष अश्लेषाच्या नवऱ्यावर, यशोधनवर गेलं. शनिवारी बायकोला न्यायला तो वर आला होता आणि जाताना त्याच्या खांद्याला मोठी पिशवी होती. शिवाय गुरुवारी रजा टाकून तो एकटाच पुलाउ उबीनला निघाल्याची खबर लागली. बायकोला सोडून, पिशवी घेऊन, बेटावर! “आंतरराष्ट्रीय टोळी,” प्रबोधराव अरुणाताईंना म्हणाले. “माल बोटीने बाहेर जाणार.” अरुणाताईंनी त्यांना पाण्याची बाटली आणि टोपी दिली. घरात नसतील तर निदान शांतपणे शोधता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

बेटावर प्रबोधरावांनी सायकल भाड्याने घेतली. ती त्यांच्या उंचीला मोठी होती, त्यामुळे पाठलाग बराचसा चालत आणि सायकल ढकलत झाला. शेवटी किनाऱ्याजवळच्या एका टपरीत यशोधन दिसला. पाठमोरा बसलेला, आणि गळ्याभोवती पांढरं सुती कापड!

“हात वर!” प्रबोधराव झुडपातून ओरडले.

यशोधनने हात वर केले. एका हातात खेकड्याची नांगी होती आणि कोपरापर्यंत लाल रस्सा ओघळत होता. गळ्याला बांधलेला होता तो घरचा टॉवेल.

“काका, पाया पडतो,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “अश्लेषाला सांगू नका. श्रावण पाळतोय असं कबूल करून बसलोय हो!”

प्रबोधरावांनी गुप्तता पाळण्याचं वचन दिलं आणि साक्षीदार फितूर होऊ नये म्हणून समोर बसून अर्धा खेकडा संपवला.

शनिवार उजाडला तरी लुगडं नव्हतं. हौगांगच्या कठड्यांवर सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे अजून लटकत होते. आश्रमाच्या हॉलमध्ये मंडळाने तिरंगी फुगे बांधले होते. मधल्या टेबलावर लुगड्यासाठी मांडलेली काचेची पेटी रिकामीच होती आणि नंदा तिच्याकडे न बघता आज्यांना साबुदाण्याची खिचडी वाढत होती. अरुणाताईंना तिच्या नजरेला नजर देण्याचा धीर होत नव्हता. पाच दिवसांत त्या धड जेवल्या नव्हत्या.

प्रबोधराव माइकपाशी गेले. “दारं लावून घ्या,” ते म्हणाले. “अपराधी याच हॉलमध्ये आहे. त्याचं बोटांवर असामान्य प्रभुत्व आहे. त्याला कापडाची जाण आहे. आणि अशा गुन्हेगाराला एक खोड असते, तो आपली खूण मागे ठेवल्याशिवाय...”

“एक्स्क्यूज मी!” पहिल्या रांगेतून हात वर झाला. मॅडम गो, वय शहाऐंशी, पूर्वी चाळीस वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या मांडीवर गोधडी होती. “दिस वन हू स्टिच? ड्रंक, आह?”

मॅडम गोंनी गोधडी उलगडून दाखवली. टाके एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्याला न पोचता भलतीकडेच वळले होते. असलं काम त्यांना पाहवत नव्हतं, म्हणून पाच दिवस त्या ते उसवून नव्याने घालत होत्या.

“आय ओपन हिअर,” त्यांनी एक कोपरा पुढे केला. “इनसाइड व्हेरी गुड क्लॉथ, लाह. हँडमेड. व्हाय यू हाइड इनसाइड?”

उसवलेल्या कोपऱ्यातून जुनं पांढरं कापड दिसत होतं, आणि त्यावर लाल दोऱ्याने ४१७.

नंदाच्या हातातला खिचडीचा डाव खाली पडला. अरुणाताईंनी गोधडीचा दुसरा कोपरा उलटला आणि मोठ्याने वाचलं, “प्र. रा.”

माइक चालूच होता, त्यामुळे प्रबोधरावांनी गिळलेला आवंढा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“मऊ होतं गं,” ते पुटपुटले. “सगळ्यांत मऊ होतं.”

अरुणाताईंनी पर्समधून कात्री काढली. “नंदा, आत्ता उसवून देते.”

नंदा गुडघ्यांवर बसली. त्या आकड्यांवरून तिने कितीदा तरी बोट फिरवलं. मॅडम गोंनी तिचा चेहरा पाहिला आणि गोधडीची घडी घालायला सुरुवात केली. “युवर ग्रँडमदर वन? टेक, टेक. आय ओके.” पण एसीचा झोत नेमका त्यांच्या खुर्चीवर येत होता आणि घडी घालताना त्यांचे हात थरथरत होते.

“थांबा, ताई,” नंदाने कात्री बाजूला केली. तिने घडी मोडली, गोधडी मॅडम गोंच्या पायांवर पसरली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. “अर्धं तिने स्वतःच पांघरायला दिलं होतं. उरलेलं अर्धं मी काचेत ठेवायला निघाले होते.” ती रडत होती आणि हसतही होती. “आजी मला चांगलीच रागावली असती.”

मॅडम गोंनी तो कोपरा बंद केला नाही. चारी बाजूंनी पट्टी लावून त्यांनी खिडकी केली, म्हणजे ४१७ कायम दिसत राहील. दर शनिवारी तो आकडा पाहायला नंदा येते, आणि तासभर तरी उठत नाही.

प्रबोधरावांच्या केस-डायरीत शेवटची नोंद आहे: ‘गुन्हेगार सापडला. शिक्षा चालू.’ दर शनिवारी ते मॅडम गोंच्या शेजारी स्टुलावर बसून बाराव्या गोधडीला टाके घालतात. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही, असं त्यांनी बाईंना एकदा इंग्रजीत समजावून सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला, त्यांची अख्खी ओळ सर्रकन उसवली आणि सुई परत हातात दिली.

“अगेन,” त्या म्हणाल्या.