दहाव्याच्या घाटावरची अटक

माझा नवरा श्रीनिवास याला त्याच्या दहाव्याच्या दिवशी, पिंडाला शिवायच्या आत, घाटावर अटक झाली.

वॉरंट तसं रीतसर होतं. श्रीनिवासचं चष्म्याचं दुकान होतं. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा उत्तम साळवी त्याचं गिऱ्हाईक. एका वरातीत नवऱ्यामुलाच्या मामाने उत्तमला तेच ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं, तेव्हा त्याने क्लॅरिनेट मामाच्या डोक्यात घातलं. त्याला जामीन हवा होता आणि त्याच्यासाठी उभं राहायला कोणी नव्हतं. श्रीनिवास उभा राहिला. "तुझी त्याची ओळख ती काय?" मी विचारलं, तर म्हणाला, "त्याच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर मला पाठ आहे. याहून जास्त मी कोणाला ओळखतो?"

पुढे उत्तम तारखांना यायचा बंद झाला. आरोपी सापडत नसेल तर जामीनदाराला धरायचं, असा कायदा आहे. शेजारच्या तालुक्यातल्या वरातींमध्ये त्याचं क्लॅरिनेट ऐकू येतं, असं लोक सांगत. पण तो तालुका आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत नव्हता. श्रीनिवासला पहिली नोटीस आली तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता, आणि वॉरंट निघालं तेव्हा कुठेच नव्हता.

हवालदार घोलप वॉरंट घेऊन आधी घरी गेले. शेजारच्या मांडके काकूंनी सांगितलं, की सगळे घाटावर गेलेत, आज दहावा आहे.

"खटावकर तिथे भेटतील का?"

"ते आता कसं सांगावं?" काकू म्हणाल्या. "इच्छा राहिली नसेल तर लगेच येतील. राहिली असेल तर दुपार होईल तुम्हाला."

घोलप घाटावर येऊन पिंपळाखाली उभे राहिले. त्यांना कोणी हटकलं नाही. दहाव्याला अशी लांब उभी राहणारी माणसं असतातच.

गुरुजींनी पिंड मांडले आणि ते बाजूला झाले. आम्ही चाळीसेक माणसं मागे सरलो. कावळा शिवला की गेलेला मोकळा झाला. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा अडली आहे असं समजून एकेकाने पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि हमी द्यायची. श्रीनिवासचे धाकटे भाऊ, रमाकांत भाऊजी, मनाशी हम्या जुळवूनच आले होते. त्यांची गरज पडली नाही. एक कावळा लगेच कठड्यावर उतरला आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघू लागला. श्रीनिवास तयार झालेला चष्मा उजेडाला धरून असंच बघायचा.

"आला गं बाई, श्रीनिवास आला!" आत्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. भाऊजींनी हात जोडले. "ये, दादा. वहिनींची काळजी करू नकोस. आम्ही सगळे आहोत."

मला, खरं सांगायचं तर, थोडं लागलं. इतक्या लवकर? माझ्यापाशी त्याचं काहीच राहिलं नव्हतं?

तो उड्या मारत पिंडाजवळ आला. चोच पोचणार, तेवढ्यात घोलपांनी त्याच्यावर टॉवेल टाकला.

"श्रीनिवास हरी खटावकर?" त्यांनी टॉवेलला विचारलं. मग आमच्याकडे वळले. "हेच ना?"

"हाच हो माझा बाळ," आत्या म्हणाल्या.

"अहो, पण—" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही आत्ता यांना दादा म्हणालात."

"म्हणालो. पण ते—"

"सख्खे भाऊ?"

"सख्खे."

घोलपांनी पंचनाम्यात लिहिलं, की आरोपीची ओळख सख्ख्या भावाने व आत्याने सर्वांसमक्ष पटवली. पंच म्हणून माझ्या नणंदेच्या यजमानांची सही घेतली. ते कुठेही सही मागितली की आधी करतात आणि मग चष्मा शोधतात.

गुरुजींनी हलक्या आवाजात विचारलं, "मग दर्भाचा कावळा करून शिववू का पिंडाला?"

घोलपांचं पेन थांबलं. "आरोपीच्या जागी दुसरा उभा करणार? तोतयेगिरीचं कलम वेगळं लागतं, गुरुजी."

गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवला. पिंड तसेच राहिले.

निकुंभ वकील या उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई आहेत. मी त्यांना विचारलं, "माणूस वारला की त्याची जामीनदारी संपते ना?"

"संपते. वारल्यावर जो येत नाही, त्याची. तुमचे मिस्टर आले."

"आले म्हणजे..."

"चाळीस माणसांनी पाहिलंय. इतके साक्षीदार मला खुनाच्या खटल्यात मिळत नाहीत." त्यांनी फाइल मिटली. "आता जामिनाचं बघू. लोकांना वाटतं जामीन म्हणजे पैसे. जामीन म्हणजे एक माणूस. त्याने कोर्टात उभं राहून म्हणायचं, मी याला ओळखतो, आणि बोलवाल तेव्हा आणून हजर करीन. तो ऐपतदार हवा, त्याचा पत्ता कायमचा हवा, आणि शक्यतो नात्यातला हवा."

"श्रीनिवास स्वतःच जामीनदार होता."

"जामीनदारालाही जामीनदार लागतो, बाई."

नातेवाईक पुष्कळ आहेत, असं मी त्यांना सांगितलं. मला तसं वाटत होतं.

भाऊजी जेवत होते. मी सगळं सांगेपर्यंत ते कोशिंबीर कालवत राहिले.

"वहिनी, तो कावळा आहे."

"घाटावर तुम्ही त्याला दादा म्हणालात."

"घाटावर म्हणतातच. सगळेच म्हणतात. तिथे काय सही लागते का?"

"वहिनींची काळजी करू नकोस, असंही म्हणालात."

"ते त्याला म्हणालो," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला कुठे म्हणालो?"

आत्यांना लांबचं दिसत नव्हतं, त्यामुळे घाटावर कोण होतं ते त्यांना आता सांगता येत नव्हतं. त्यांचा चष्मा श्रीनिवासने केला होता. त्यातून नदीपलीकडच्या देवळाचा कळस दिसतो, हे मला माहीत होतं. नणंदेचे यजमान म्हणाले, की पंच झालेल्या माणसाला जामीन राहता येत नाही; आणि असं सांगताना त्यांना जो आनंद झाला तो त्यांना लपवता आला नाही. मी त्या आठवड्यात बरीच घरं फिरले. सगळीकडे चहा मिळाला. ज्यांच्या तोंडच्या शब्दावर माझा नवरा धरला गेला, त्यांच्यातल्या एकालाही तो आता ओळखू येत नव्हता. अडकवताना ओळख तोंडी चालते, सोडवताना ती लेखी लागते, आणि या दोहोंच्या मध्ये कोणालाही काही वावगं दिसत नव्हतं.

शेवटी मीच उभी राहिले.

घोलप त्याला मनगटावर घेऊन आले. पायाला सुतळी बांधली होती. कोठडीत त्याचं एक पीस गळलं होतं. घोलपांनी ते जप्त मुद्देमाल म्हणून पाकिटात घातलं होतं.

"आरोपीला तुम्ही कशावरून ओळखता?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"तो एक डोळा मिटून बघतो."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक डोळा मिटला.

"नोंद घ्या," त्या लेखनिकाला म्हणाल्या, आणि त्यांनी जामीन मंजूर केला. अट नेहमीचीच होती: न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आरोपीने हा तालुका, हा जिल्हा व इहलोक सोडून जाऊ नये. तसं झाल्यास जामीनदारास जबाबदार धरण्यात येईल. मी वाचून सही केली.

पट्टेवाल्याने विचारलं, "घरी नेताय? पिशवी आहे का?" मी म्हटलं, "चालत येईल." तो माझ्या पुढेपुढे, विजेच्या तारांवरून, घरापर्यंत आला.

दिवसा तो दुकानात भिंग घासायच्या यंत्रावर बसे. लहान मुलं नंबर तपासायला आली, की पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर त्यांना वाचता येईपर्यंत तिथून हलत नसे. तारखेला आम्ही दोघं वेळेवर जायचो. नावाचा पुकारा व्हायचा, तो काव म्हणायचा, लेखनिक 'हजर' लिहायचा, आणि उत्तम साळवी मिळून आला नाही म्हणून पुढची तारीख पडायची. उत्तमला शोधतंय कोण, असं मी एकदा विचारलं. घोलप म्हणाले, "जामीनदार हातात असताना आरोपीला कशाला शोधायचं? तेच तर जामिनाचं सोयीचं असतं."

गुरुजी म्हणाले, की पिंड पुन्हा मांडता येतात, त्याला हरकत नसते. पण आरोपी जामिनावर असताना ते मांडणार नाहीत. भाताला हात लावताना मी जपू लागले. कुकर उघडला, की आधी खिडकी लावायची. तो बाहेर गजावर बसायचा आणि मी आत, त्याच्याकडे पाठ करून, जेवायचे. जायला निघालेल्या माणसाला मी रोज दोन वेळा अडवत होते आणि त्याबद्दल कोर्टात माझं नाव आदराने घेतलं जात होतं. निकुंभ वकील तर म्हणाल्या, की इतकी चोख जामीनदार त्यांनी पाहिली नाही.

त्याची पिसं विरळ होत गेली. उडताना तो मधल्या तारेवर दम घ्यायला थांबू लागला. एका तारखेला पुकारा झाला आणि त्याला काव म्हणता आलं नाही. नुसती चोच उघडली. लेखनिक म्हणाला, "मोठ्याने सांगा." मग मॅडम म्हणाल्या, "आरोपीला मोठ्याने बोलायला सांगा." मी तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिले होते. त्याने मोठ्याने बोलावं असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि तो बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात केला, खिडकी उघडी ठेवली, आणि डबा घेऊन घाटावर गेले. पिंड माझे मीच वळले. ते नीट गोल झाले नाहीत. मागे सरले. तो कठड्यावर येऊन बसला.

शिवेना. पिंडाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पाण्याकडे. मला आधी वाटलं त्याला भूक नसेल, मग वाटलं त्याचा विचार बदलला असेल. मग लक्षात आलं. जामीन म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एकाने पळून जाऊन त्याला यात आणलं होतं. तो मला आणणार नव्हता.

मी पुढे झाले आणि हात जोडले. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी हळूच बोलले.

"तारखेला मी जाईन. तुझ्याबद्दल विचारतील. तू कावळा होतास, असं मी म्हणणार नाही."

तो खाली उतरला आणि शिवला. एकदाच, चोच पूर्ण बुडवून. घाटावरून निघताना मागे बघायचं नसतं. मी बघितलं. कठड्यावर कोणी नव्हतं.

तारखेला सगळं घर कोर्टात आलं होतं. निकुंभ वकिलांनी त्यांना बोलावलं होतं. भाऊजी, आत्या, नणंद, तिचे यजमान, असे दोन बाकांवर ओळीने बसले होते. आत्यांनी चष्मा लावला होता.

"एकच वाक्य म्हणायचंय," वकीलबाईंनी मला बाहेरच सांगितलं. "तो कावळा होता, उडून गेला. पक्ष्यावर वॉरंट निघत नाही, म्हणून पक्ष्याचा जामीनही नसतो, म्हणून तुमचा गुन्हाही नाही. हे सगळे तशी साक्ष द्यायला आलेत. तासाभरात घरी जाल."

"वहिनी, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," भाऊजी म्हणाले. "तुम्ही ऐकलं नाहीत."

पुकारा झाला. कोणी काव म्हणालं नाही.

"आरोपी कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"गेला."

"कुठे?"

"इहलोक सोडून."

"परवानगी घेतली होती?"

"नाही."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"पिंड मीच मांडले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट बाई नव्हत्या. "बाई, शांतपणे विचार करा आणि सांगा. तुम्ही ज्याला जामीन राहिलात, तो कोण होता?"

भाऊजी बाकावरून अर्धवट उठले होते. त्यांच्या ओठांवर 'कावळा'तला 'का' तयार दिसत होता. शाळेत उत्तर सांगायला अधीर झालेली मुलं असं तोंड करतात. निकुंभ वकील माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

"माझा नवरा," मी म्हटलं.

लेखनिकाने ते लिहून घेतलं.

मला बाहेरच्या बाकावर बसवून घोलप माझ्या अटकेचे कागद भरू लागले. नाव, वय, पत्ता झालं. मग ते म्हणाले, "तुमची ओळख पटवणारं कोणी हवं. आणि जामिनाला एक जण. मघाशी एवढे लोक होते ना तुमचे?"

मी दारातून आत पाहिलं. दोन्ही बाक रिकामे होते. एका टोकाला आत्यांची पाण्याची बाटली राहिली होती.

"होते," मी म्हटलं.

"मग तुम्हाला ओळखणारं आता कोण?"

"माझ्या दहाव्याला या," मी म्हटलं. "सगळे ओळखतील."

घोलपांनी तो रकाना मोकळा सोडला आणि पेनाला टोपण लावलं.

"दिवस ठरला की आधी कळवा," ते म्हणाले. "टॉवेल आणावा लागतो."